सावलीतलं वाळवण

गिकोम्बाच्या बाजारात गठ्ठे येतात डोक्यावरून,
खाली हमालांच्या माना आखडलेल्या.
पायीची वहाण पायीच बरी म्हणणाऱ्यांनी
एकदा पहाटे पाचला इथे उभं राहावं.

गठ्ठा फुटला की माझ्या वाट्याला येतात ते शेवटचे,
पिवळट, मळके, एखाद्याचा जोडीदार वाटेतच हरवलेला.
मी नेकेसा. नैरोबीच्या नदीकाठी माझे तीन टब:
एक साबणाचा, एक साध्या पाण्याचा,
तिसऱ्यात नुसत्या नाड्या,
गांडुळांसारख्या एकमेकींत गुंतून पडलेल्या.

बुटाची जीभ आधी बाहेर ओढायची.
उचलली जीभ लावली टाळ्याला, ते माणसांचं.
ही गप्प असते, तरी सगळं सांगते.
कधी आतून मार्करने लिहिलेलं नाव: टोरबेन, पाचवी ब.
कुठली शाळा, कुठला गाव, देव जाणे.
डावी टाच बाहेरून झिजलेली,
पोरगा त्या बाजूला जरा रेलून चालत असणार.
नाव मी पुसत नाही.
भाव दहा शिलिंगांनी उतरतो. उतरू दे.

सिमियू, बहिणीचा मुलगा, नवा आहे. हात जड.
त्याला सांगते, कॅनव्हासवर ब्रश गोल फिरव,
जाळीला नुसतं बोट,
रबराला टूथपेस्ट, मटाराएवढी,
तुला काय ती खायची आहे?
आणि सुएडला पाणी दाखवूसुद्धा नकोस.
तिथे शाळेतलं खोडरबर,
चुकलेलं गणित खोडतात तसं, कागद न फाडता.

पांढरे धुऊन झाले की ओल्या अंगावरच
टिश्यूचा कागद गुंडाळायचा.
वाळता वाळता पिवळेपणा वर येतो, कागदात उतरतो.
चाळीस जोड असे बांधून बसलेले असतात
दवाखान्याच्या बाकावर नंबर लावल्यासारखे.

मुसेम्बी आला होता मुकुरूहून.
पांढरा जोड घेतला, हप्त्याने.
सोमवारी हॉटेलात मुलाखत, आणि वाट सगळी चिखलाची.
कसे जपू, म्हणाला.
म्हटलं, घालूच नकोस.
शर्टाखाली धर, अनवाणी जा,
डांबर लागलं की नळावर पाय धू,
बोटांच्या मधूनसुद्धा,
मग घाल.
तो हसला. मी हसले नव्हते.

पंधरा दिवसांनी आला. जोड पिशवीत,
पिशवीला दोन गाठी.
तळ पाहिला, चिखल नाही. बाजू पाहिली, ओरखडा नाही.
शाबास म्हणणार तोच हात आत गेला,
आणि टाचेपाशी, अस्तरावर, लाल.
रोज बारा तास उभं राहायचं.
आधीच्या पायाने आत जो साचा करून ठेवलाय
तो या पायाला अजून जागा देत नाही.
"लागली नोकरी," तो म्हणाला,
सांगायचं राहून गेल्यासारखं.
"उद्या परत पांढरे लागतील."

सिमियूने गरम पाण्याची किटली उचलली.
मी मनगट धरलं.
रक्ताला गार पाणी. नेहमी गार.
गरम लावलंस तर ते मुक्कामालाच येतं.

मग चिमूटभर मीठ. मग नुसतं थांबणं.
मुसेम्बी दगडावर बसला आणि न विचारता
दोन्ही पाय नाड्यांच्या टबात सोडले.
नाड्या त्याच्या घोट्यांभोवती गोळा झाल्या.
मी काही बोलले नाही.
नदीला नेहमीचा वास येत होता.

सिमियू जोड घेऊन निघाला पत्र्यावर ठेवायला,
चटकन वाळतील म्हणून.
पत्र्यावर नको रे. उन्हात चिकटवलेलं सुटतं.
सावलीत ठेव, आत वर्तमानपत्र कोंब.

पैशांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.
आतला कागद बदलायला
रात्री दोनदा उठले.